धबधब्याला किती वेळ द्यायचा? शटर स्पीडचे काही प्रयोग

पावसाळ्यात ताम्हिणी नाहीतर माळशेजला जाऊन आलेल्यांच्या फोटोंत पाण्याऐवजी बरेचदा कापूसच दिसतो. शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं की असं होतं. जुलैतला धबधबा भरून कोसळत असतो. त्याला तीन-चार सेकंद दिले की पाण्याचे पदर एकमेकांत मिसळून नुसता पांढरा पट्टा उरतो. अशा पाण्याला पाव ते अर्धा सेकंद पुरे. ऑक्टोबरात धार बारीक झाली की एक-दोन सेकंदही शोभतात.

१. ट्रायपॉडचे पाय खडकावर टेकवा, वाहत्या पाण्यात नको. प्रवाहाच्या धक्क्यानं ते थरथरतात. मधला दांडा वर काढू नका. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद करा.

२. मॅन्युअल मोडवर आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती दाद देतो तो आकडा) १०० आणि एफ/११ ठेवा; एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. ढगाळ हवेत शटर स्पीड साधारण १/३० सेकंद येईल. वेळ वाढवायला एफ/२२ वर जाऊ नका. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. त्यासाठी एनडी फिल्टर आहे, म्हणजे लेन्सवर चढवायची, उजेड कमी करणारी गडद काच.

३. आधी फोकस करा, मग लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका आणि फिल्टर शेवटी चढवा. गडद फिल्टरमधून कॅमेऱ्याला फोकस सापडेलच असं नाही. फिल्टरचा गडदपणा स्टॉपमध्ये मोजतात; प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा, म्हणून वेळ दुप्पट होतो. म्हणजे ३ स्टॉपच्या फिल्टरनं १/३० चे १/४ होतात, ६ स्टॉपनं २ सेकंद. १० स्टॉपचा फिल्टर अर्ध्या मिनिटावर नेतो. तो ढगांसाठी राखून ठेवा.

४. २ सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबल्याचा हादरा तेवढ्यात विरतो.

५. आता ३ स्टॉपच्या फिल्टरवर एकच चौकट चार वेळा घ्या: १/१५ (आयएसओ ४००), १/८ (आयएसओ २००), १/४ (आयएसओ १००), १/२ (आयएसओ १००, एफ/१६). उजेड चारही फोटोंत सारखाच राहील, बदलेल ते फक्त पाणी. निवड घरी मोठ्या स्क्रीनवर करा. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर सगळेच छान दिसतात.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पांढरं पाणी जळतं, म्हणजे तपशील जाऊन कोरं पांढरं उरतं; म्हणून हिस्टोग्राम (फोटोतला उजेड दाखवणारा कॅमेऱ्यावरचा आलेख) उजव्या कडेला आपटत असेल तर वेळ थोडा कमी करा. वाऱ्यानं फांद्या हलून झाडी पुसट होते; त्यासाठी फिल्टर काढून आयएसओ ४०० वर १/१२५ चा आणखी एक फोटो घ्या आणि त्यातली पानं एडिटिंगमध्ये वापरा. आणि तुषार! फिल्टरवरचा एक थेंब आकाशात मोठा पांढुरका डाग होऊन बसतो. कोरडं मायक्रोफायबर खिशात हवंच, आणि टायमर सुरू करेपर्यंत लेन्सवर टोपी.

पोलरायझर (चकाकी कापणारा फिरता फिल्टर) असेल तर तोही चढवून फिरवून बघा. ओल्या खडकावरची चकाकी जाते, शेवाळ्याचा हिरवा रंग उठतो आणि वर एक-दीड स्टॉप उजेड कमी होतो तो वेगळाच.

शटर उघडं असताना समोरची वस्तू चौकटीत किती सरकते, हा हिशेब धबधब्याबाहेरही लागू पडतो. रस्त्यावरून आडवी जाणारी रिक्षा १/३० वर टिपायची तर कॅमेरा तिच्याबरोबर फिरला पाहिजे. पाय रोवून कमरेतून वळा, रिक्षा समोर येण्याआधीच वळायला लागा आणि शटर बंद झाल्यावरही थांबू नका. इथेच बहुतेकांचा हात अडखळतो. कंटिन्युअस फोकसवर (हलत्या वस्तूवर फोकस धरून ठेवणाऱ्या मोडवर) सलग फोटो घ्या. विसात दोन नीट आले तरी चाललं.

गाड्यांच्या दिव्यांच्या रेषांना सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत, आभाळात निळसरपणा असतानाच, १० ते १५ सेकंद द्या. पादचारी पुलावरून घेत असाल तर माणसं चालताना पूल हलतो, तेव्हा गर्दी ओसरू द्या. शटर सिग्नल सुटल्यावरच उघडा, नाहीतर रेषांच्या जागी थांबलेल्या दिव्यांचे गोळे मिळतात.

उडणारे थेंब गोठवायचे तर उलट १/१००० किंवा त्याहून वेगवान. पण हा वेग उन्हातच वापरा. मांडवातल्या ट्यूब आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळे पट्टे येऊ शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे १/१०० किंवा १/५० वर या.