ओंटारियोत नवीन आलाय? गाडी बघायच्या आधी इन्शुरन्सचं बघा

मंडळी, दर वर्षी एप्रिल-मे आला की नवीन आलेल्या लोकांचे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, दादा कुठली गाडी घेऊ. मी कॅनडात ब्रॅम्प्टनमध्ये २०१२ पासून राहतोय आणि माझं उत्तर तेव्हापासून एकच आहे, गाडी नंतर, आधी इन्शुरन्सचा कोट काढा, म्हणजे किती पैसे पडतील तो आकडा कंपनीकडून घ्या. इथे टोरांटोच्या आसपास, खास करून ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे, गाडीच्या हप्त्याइतका किंवा त्याहून जास्त इन्शुरन्स बसू शकतो आणि हे आपल्याकडून आलेल्या माणसाच्या डोक्यात येतच नाही, कारण आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, वर्षाला एकदा पैसे भरले की विषय संपला.

माझंच सांगतो. आलो त्या नोव्हेंबरात थंडी पडायला लागलेली, मुलगा दोन वर्षांचा, बस स्टॉपवर त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून उभं राहायचो. घाईघाईत डीलरकडे जाऊन सेकंडहँड गाडी पसंत केली, सही केली, ॲडव्हान्स दिला. चावी समोर टेबलावर ठेवलेली. मग डीलर म्हणाला आता इन्शुरन्सचा कागद दाखवा म्हणजे नंबर प्लेट काढून देतो. तिथेच बसून फोन केला तर महिना ३९० डॉलर. गाडीचा हप्ता होता २४०. बाहेर पार्किंगमध्ये बायको मुलाला घेऊन थांबलेली आणि तिला काय सांगायचं हे मला कळेना. आणि इथे घेतलेली गाडी परत करायला मुदतबिदत नसते बरं का, डीलरकडे सही झाली की व्यवहार पक्का. त्यामुळे जी गाडी मनात आहे तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, घ्या, तीन-चार ठिकाणी कोट काढा, आणि मगच सही. एकाच किमतीच्या दोन गाड्यांच्या इन्शुरन्समध्ये महिन्याला ऐंशी-शंभर डॉलरचा फरक मी स्वतः बघितलाय.

आता एवढं महाग का, तर एक म्हणजे तुम्ही राहता तिथला पोस्टल कोड. ज्या भागात अपघात, चोऱ्या आणि क्लेम जास्त तिथे दर जास्त, तुम्ही कितीही जपून चालवा. दुसरं, दुरुस्ती. आता बंपरमध्येच सेन्सर आणि कॅमेरे असतात, साधी धडक बसली तरी बिल हजारात जातं. आणि तिसरं म्हणजे चोरी. २०२३ साली कॅनडाभर गाडीचोरीच्या क्लेमपोटी इन्शुरन्स कंपन्यांनी दीड अब्ज डॉलरच्या वर पैसे दिले, त्यातला मोठा वाटा ओंटारियोचा. गाड्या घरासमोरून रात्रीत उचलतात, कंटेनरमध्ये भरून मॉन्ट्रियलच्या बंदरातून देशाबाहेर. टोयोटा हायलँडर, होंडा सीआर-व्ही, लेक्सस आरएक्स या चोरांच्या आवडत्या, आणि नेमक्या याच आपल्या लोकांच्याही आवडत्या. यातली गाडी घेतलीत तर काही कंपन्या वेगळा सरचार्ज लावतात किंवा ट्रॅकर बसवा म्हणतात. म्हणून पहिली गाडी साधी सेडान किंवा हॅचबॅक घ्या असं मी कळकळीने सांगतो. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी दाराजवळच्या खुंटीला लावू नका, घराबाहेर उभं राहून तिचा सिग्नल पकडतात, सिग्नल अडवणारं पाऊच मिळतं त्यात ठेवा, आणि स्टिअरिंगला लोखंडी लॉक लावा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा ड्रायव्हिंगचा इतिहास. इथे कंपनी गाडीपेक्षा माणसाकडे जास्त बघते. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलीत ते कागदावर सिद्ध झालं नाही तर तुम्ही त्यांच्या लेखी काल शिकलेले. लायसन्सचे तीन टप्पे आहेत, जी-वन म्हणजे लेखी परीक्षेनंतरचं शिकाऊ, मग रोड टेस्ट देऊन जी-टू, मग पुन्हा टेस्ट देऊन पूर्ण जी. नुसतं जी-वन घेऊन तुमच्या नावावर पॉलिसी मिळणं जवळपास अशक्यच, जी-टूवर मिळते पण महाग, जी झालं की उतरते. ओंटारियोचे रहिवासी झाल्यावर भारतातल्या लायसन्सवर फक्त ६० दिवस चालवता येतं, त्यानंतर इथलं पाहिजेच. पण गेल्या तीन वर्षांत दोन वर्षांहून जास्त ड्रायव्हिंगचा अनुभव दाखवता आला तर लेखी परीक्षा पास झाल्यावर एकदम जीची रोड टेस्ट देता येते, मधली वर्षं थांबावं लागत नाही. मात्र एक वर्षाच्या वरचा अनुभव दाखवायला नुसतं लायसन्सचं कार्ड चालत नाही. ज्या आरटीओने लायसन्स दिलं त्यांचं पत्र किंवा इथल्या भारतीय कॉन्सुलेटचं पत्र लागतं.

मी हे पत्र आणलं नव्हतं. नाशिकला माझ्या धाकट्या भावाने पेठ रोडच्या आरटीओत तीन चकरा मारल्या, रजा टाकून, तेव्हा कुठे तो कागद मिळाला, निळा गोल शिक्का मारलेला, माझं लायसन्स पहिल्यांदा कधी दिलं ती तारीख त्यावर स्पष्ट लिहिलेली. कुरिअरने आला त्या दिवशी मी तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि अजून आहे माझ्याकडे. त्या एका कागदावर मला जीची टेस्ट लगेच देता आली, आणि नंतर एका ब्रोकरने तोच कागद दोन-तीन कंपन्यांना पाठवला तेव्हा एका कंपनीने भारतातला थोडा अनुभव धरला आणि माझा प्रीमियम महिना ३९० वरून २९० वर आला. सगळ्याच कंपन्या बाहेरचा अनुभव धरत नाहीत, प्रत्येकीचा नियम वेगळा, म्हणून तर विचारावं लागतं. तुम्ही अजून भारतात असाल आणि हे वाचत असाल तर निघायच्या आधी आरटीओतून लायसन्सचा उतारा घ्या, त्यात पहिल्या इश्यूची तारीख आहे ना हे तिथेच काउंटरवर तपासा, रिन्यू केलेल्या कार्डावर कधी कधी नुसती नवीन तारीख दिसते आणि मग इथे प्रश्न येतो. तिकडच्या इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेमचं पत्रही घ्या, इंग्रजीत. कामाला येईलच असं नाही पण कागद जवळ असलेला बरा.

कोट कुठून काढायचा हे बघू. इथे इन्शुरन्स खाजगी कंपन्यांचा आहे, पण त्यांना दर एफएसआरए नावाच्या प्रांताच्या नियामकाकडून मंजूर करून घ्यावे लागतात. व्हँकुव्हरला सरकारी कंपनी आहे, त्यामुळे तिकडच्या मित्राचा सल्ला इथे लागू पडत नाही. काही कंपन्या थेट विकतात, काही एजंटमार्फत फक्त आपलीच पॉलिसी देतात, आणि ब्रोकर असतो तो अनेक कंपन्यांचे दर बघून देतो, त्याचं कमिशन त्याला कंपनीकडून मिळतं. मी म्हणेन एक चांगला ब्रोकर धरा आणि शिवाय दोन थेट विकणाऱ्या कंपन्यांना स्वतः फोन करा, कारण त्यांचे दर ब्रोकरकडे नसतात. फोनवर नम्रपणे पण सगळं विचारा. विंटर टायरची सूट २०१६ पासून इथल्या प्रत्येक कंपनीला द्यावीच लागते, आणि हे टायर तुम्हाला बर्फासाठी तसेही लागणारच आहेत. बेसमेंट किंवा अपार्टमेंट भाड्याने घेतलं असेल तर टेनंट इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा वगैरे विमा, त्याच कंपनीकडे घ्या, दोन्ही एकत्र असल्याची सूट मिळते, आणि बऱ्याचदा ती सूट टेनंट इन्शुरन्सचा बराचसा खर्च भरून काढते. कंपनीमार्फत किंवा इंजिनिअरांच्या संघटनेमार्फत ग्रुपचा दर मिळतो का तेही विचारा. मोबाईलवर ड्रायव्हिंग मोजणारं ॲप घेतलं तर सूट मिळते, पण घेण्याआधी त्यावरून दर वाढूही शकतो का हे स्पष्ट विचारून घ्या. क्रेडिट स्कोअरची काळजी करू नका, ओंटारियोत गाडीच्या इन्शुरन्सला तो बघायची परवानगी नाही.

कव्हरेजबद्दल. कायद्याने लायबिलिटी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं कव्हर, किमान २ लाख डॉलरची लागते, पण इथे कुणाला गंभीर इजा झाली तर २ लाख म्हणजे काहीच नाही. दहा लाख किंवा वीस लाखाची घ्या, फरक फार पडत नाही. पैसे वाचवायचे तर डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, वाढवून वाचवा, ५०० ऐवजी १,००० करा, तेवढे पैसे मात्र बाजूला पाहिजेत. गाडी दहा-बारा वर्षं जुनी आणि रोखीने घेतलेली असेल तर कोलिजन, म्हणजे धडकेत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, काढून टाकायचा विचार करता येतो, कर्जाची किंवा लीजची असेल तर काढू देत नाहीत. एक गोष्ट मात्र काढू नका. १ जुलै २०२६पासूनच्या नियमात ॲक्सिडेंट बेनिफिट्समधला, म्हणजे अपघातात इजा झाल्यावर मिळणाऱ्या लाभांमधला, औषधोपचार, रिहॅब आणि अटेंडंट केअरचा (देखभालीला माणूस ठेवण्याचा) भाग सक्तीचा आहे पण पगार बुडाला तर मिळणारी भरपाई ऐच्छिक आहे. ही भरपाई घेतली तर साधारणपणे पगाराच्या ७० टक्के मिळते, आठवड्याला जास्तीत जास्त ४०० डॉलर. नवीन आलेल्या घरात बहुतेक वेळा एकच कमावता असतो, नोकरीत आजारपणाचं दुसरं कुठलं संरक्षण नसतं, आणि कोट स्वस्त दिसावा म्हणून ही ओळ सहज गळू शकते. कोट हातात आला की ही ओळ शोधाच.

घरात राहणाऱ्या प्रत्येक लायसन्सवाल्याचं नाव कंपनीला सांगायचं असतं. बायको, भाऊ, बेसमेंट शेअर करणारा मित्र गाडी वापरत असेल तर तोही. आई-बाबा सहा महिने आले आणि बाबांना गाडी चालवायची हौस असेल तर आधी ब्रोकरला फोन. उबर किंवा डिलिव्हरी करणार असाल तर तेही आधी सांगा, साध्या पॉलिसीवर ते केलं आणि धडक झाली तर क्लेम अडकतो.

आता जे सांगतो ते जरा कठोर वाटेल. प्रीमियम वाचवायला बॅरी किंवा लंडनच्या (ओंटारियोतलंच शहर) मित्राचा पत्ता देणं हे आपल्या लोकांत सर्रास सुचवलं जातं. देऊ नका. क्लेमच्या वेळी कंपनी सगळं तपासते, तुमचा फोन, पगाराचा पत्ता, मुलांची शाळा, आणि खोटं निघालं की क्लेम नाकारतात, पॉलिसी रद्द होते, आणि मग कुठलीच साधी कंपनी उभी करत नाही, हाय-रिस्कच्या दराने घ्यावं लागतं. दुसरं त्याहून वाईट. आमच्या ओळखीतला एक मुलगा, शिकायला आलेला, त्याला व्हॉट्सॲपवर कुणीतरी म्हणालं निम्म्या दरात इन्शुरन्स करून देतो. पैसे ई-ट्रान्सफरने दिले, दहा मिनिटांत पिंक स्लिपची, म्हणजे इन्शुरन्स असल्याच्या कागदाची, पीडीएफ आली, कंपनीचा लोगो, पॉलिसी नंबर, सगळं बरोबर दिसत होतं. चार महिन्यांनी पोलिसांनी सिग्नलला थांबवलं तेव्हा कळलं अशी पॉलिसीच नाही. इथे विनाइन्शुरन्स गाडी चालवायचा पहिल्या वेळचा दंड ५,००० पासून २५,००० डॉलरपर्यंत आहे, वर लायसन्स वर्षभरापर्यंत जाऊ शकतं. पोराने घरी सांगितलं नाही, रात्रीची गोदामातली शिफ्ट धरली. मला फार वाईट वाटलं, कारण त्याने आधी एक फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. ब्रोकरचं नाव रिबोच्या, म्हणजे इथल्या ब्रोकरांच्या नियामक संस्थेच्या, यादीत ऑनलाइन फुकट शोधता येतं, आणि पॉलिसी हातात आली की कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर घेऊन स्वतः फोन करा आणि पॉलिसी खरी आहे का विचारा. पैसे माणसाच्या नावाने मागितले तर तिथेच थांबा.

हप्ता कधीही चुकवू नका. बँकेत पैसे नसल्याने हप्ता परत गेला आणि पॉलिसी रद्द झाली तर तो डाग पुढची काही वर्षं प्रत्येक कोटमध्ये दिसतो. स्पीडिंगचं तिकीट साधारण तीन वर्षं त्रास देतं, तुमच्या चुकीचा अपघात सहा वर्षं. धडक झालीच तर शांत राहा, फोटो काढा, समोरच्याचं लायसन्स आणि पिंक स्लिप टिपून घ्या, कुणाला लागलं असेल तर ९११. नुकसान ५,००० डॉलरच्या वर वाटत असेल तर पोलिसांना कळवावं लागतं, ही मर्यादा २०२५ पासून वाढलीय, आणि कंपनीला सात दिवसांच्या आत कळवायचं. टो ट्रकवाले न बोलावता येऊन उभे राहतात, गाडी कुठे न्यायची हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका.

रिन्यूअलचं पत्र साधारण महिनाभर आधी येतं. ते आपोआप रिन्यू होऊ देऊ नका. मी दर वर्षी त्याच आठवड्यात ब्रोकरला फोन करतो आणि दोन कोट स्वतः काढतो, दर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कंपनी बदललीय. मध्येच बदलायचं नाही, मुदतीआधी रद्द केलं तर पैसे कापून परत देतात. आणि बायकोचं नाव जी-टू झाल्या दिवसापासून पॉलिसीत घाला, ती चालवत नसली तरी. माझ्या बायकोचं नाव मी असंच घातलं होतं, तेव्हा महिना थोडे पैसे जास्त गेले. पुढे तिला किचनरला नोकरी लागली, वेगळी गाडी घ्यावी लागली, आणि तिचा पहिलाच कोट माझ्या पहिल्या कोटच्या निम्म्याहून कमी आला कारण तिच्या नावावर पाच वर्षांचा स्वच्छ इतिहास तयार होता.

तेव्हा ब्लँकेटमध्ये असायचा तो मुलगा आता सोळाचा झालाय, जी-वनचं पुस्तक त्याच्या टेबलावर उघडं पडलेलं असतं. सरकारमान्य ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स केला की बारा महिन्यांऐवजी आठ महिन्यांत जी-टूची टेस्ट देता येते आणि इन्शुरन्सलाही सूट मिळते, त्यासाठी त्याची या शनिवारची बॅच धरलीय, आणि त्याचं नाव पॉलिसीत कधी घालायचं हे विचारायला ब्रोकरला मागच्याच आठवड्यात फोन करून ठेवलाय.