कोर्निल्याच्या पायऱ्या चढू नका, उतरा

इटलीतल्या चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांपैकी कोर्निल्या तेवढं उंच कड्यावर आहे. स्टेशन खाली, गाव वर आणि मध्ये पावणेचारशेहून जास्त पायऱ्या! म्हणून ट्रेनने सकाळी लवकर वेर्नात्साला उतरा आणि डोंगरवाटेने चालत कोर्निल्याला या. दीड-दोन तास लागतात, सुरुवातीचा चढ दम काढतो, पण वाट थेट गावातच येते. मग पायऱ्या उतरून स्टेशन गाठायचं, पुढे मानारोला. पायात स्लीपर नकोत, दंड होऊ शकतो. 'चिंक्वे तेर्रे त्रेनो कार्ड' घेतलंत की ला स्पेत्सिया ते लेवांतो दिवसभराची लोकल आणि ही वाट, दोन्हींचे पैसे त्यातच. वाट उघडी आहे ना, तेवढं स्टेशनवर विचारून घ्या. जोराच्या पावसात बंद ठेवतात.