वेल्डिंग लाइनवर रोबोट येणार असेल तर आधी काय करायचं

चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठेही असा, शॉपचा एक कोपरा रिकामा करून जाळीचं कुंपण घालायला लागले आणि जमिनीत नवे फाउंडेशन बोल्ट मारले की समजायचं रोबोट येतोय. एचआरला विचारलं तर "अजून काही फायनल नाही" एवढंच उत्तर मिळतं. मी 14 वर्षं मिग वेल्डिंग केलंय, आमच्याकडे दोन सेल (म्हणजे कुंपणातला रोबोट आणि त्याचा सगळा सेटअप) बसले तेव्हा तिन्ही शिफ्टचे मिळून अठरा वेल्डर होतो, आता सात उरलोत, आणि त्यातला मी एक का उरलो ते सांगतो म्हणजे तुम्हाला उपयोग होईल.

पहिलं काम म्हणजे कुठला पार्ट रोबोटकडे जाणार ते ओळखा. रोबोटला एकसारखा माल लागतो, महिनाभर तोच ब्रॅकेट हजारोंनी. पन्नास पीसची ऑर्डर, रिवर्क (बिघडलेला पार्ट परत नीट करणं), टॅकिंग (पूर्ण वेल्डच्या आधी पार्ट धरून ठेवायला मारलेले छोटे टाके), वेड्यावाकड्या जागेतला जॉइंट, नवीन मॉडेलचं सॅम्पल, हे बहुतेक हातावरच राहतं कारण प्रत्येक वेळी नवा प्रोग्राम आणि नवं फिक्स्चर (पार्ट जागेवर धरून ठेवणारा साचा) करणं मालकाला परवडत नाही. तुम्ही रोज एकच मोठा पार्ट मारत असाल तर सुपरवायझरच्या मागे लागून रिवर्क आणि सॅम्पलच्या टेबलावर जा. कंटाळवाणं काम आहे, पण जा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, म्हणजे रोबोट चालू करायला बाहेरची माणसं येतात ते दहा-पंधरा दिवस वाया घालवू नका. आपली पोरं तेव्हा तोंड फिरवून लांब उभी राहतात, राग येतो मान्य, मलाही आला होता. पण त्या इंजिनियरला प्रोग्राम येतो, आपला पार्ट येत नाही. आमच्याकडे सकाळी वेल्ड एकदम मस्त पडायचा आणि दुपारनंतर दीड-दोन मिलिमीटर बाजूला, तो बिचारा दोन दिवस पेंडंटवर (रोबोट चालवायचा हातातला रिमोट) पॉइंट सरकवत बसला, सकाळी सरकवायचा संध्याकाळी परत आणायचा. मी चहा पिता पिता बघत होतो, शेवटी फिक्स्चरच्या लोकेटिंग पिनवरनं (पार्टची जागा ठरवणारी पिन) बोट फिरवलं तर एका बाजूने पिन घासून चकचकीत झालेली, आणि खालच्या पॅडवर दिवसभराचा स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले धातूचे थेंब) साठून पार्ट एका कोपऱ्यात उचलला जात होता. पिन बदलली, पॅड छिन्नीने साफ केला, विषय संपला. हाताने मारताना गॅप दिसला की आपण मनगट जरा वळवून भरून काढतो, आपल्याला कळतही नाही की आपण काही केलं. रोबोट सांगितलेल्या जागीच जाणार, पार्ट तिथे असो नसो. हे मनगटातलं शहाणपण आता तोंडाने सांगता यायला पाहिजे, तरच साहेब तुम्हाला सेलवर ठेवणार.

म्हणून पेंडंट हातात घ्या. पॉइंट कसा टीच करायचा (रोबोटला जागा कशी शिकवायची), वायर टिपच्या बाहेर किती ठेवायची, टॉर्च आपटल्यावर टीसीपी (रोबोट टॉर्चचं टोक म्हणून धरतो तो पॉइंट) कसा तपासायचा, अलार्म आल्यावर रिसेटच्या आधी काय बघायचं, एवढं आलं तरी तुम्ही नुसते पार्ट लोड करणारे राहत नाही. प्रत्येक अलार्मचा नंबर आणि तो कशाने गेला हे वहीत लिहा, माझी वही आता मेंटेनन्सवाले मागून नेतात. आणि टीच मोडमध्ये रोबोटचा हात 250 मिमी प्रति सेकंदापेक्षा जोरात हलू नये अशी मर्यादा असते, पेंडंटवरचा धरून ठेवायचा एनेबल स्विच सोडला किंवा घाबरून जोरात दाबला तरी रोबोट थांबतो, पण म्हणून ऑटो मोडमध्ये इंटरलॉकला (दार उघडलं की रोबोट थांबवणारा स्विच) जुगाड करून आत जायचं नाही, कोणी कितीही प्रॉडक्शनची घाई करू दे.

क्लासला पैसे भरायच्या आधी एकच विचारा, खऱ्या रोबोटवर माझ्या हातात पेंडंट किती तास? कॉम्प्युटरवरचं चित्र दाखवून सर्टिफिकेट देणारे खूप झालेत. आयटीआयमध्ये आता इंडस्ट्रियल रोबोटिक्सचा एक वर्षाचा ट्रेड आहे, घरात दहावी झालेला पोरगा असेल तर नुसत्या वेल्डरपेक्षा तो बघा.

आता कागद. नवीन औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला (सलग म्हणजे बारा महिन्यांत 240 दिवस भरले तरी चालतं) कपातीत काढायचं तर कमीत कमी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, शिवाय नवीन कौशल्य शिकायला म्हणून 15 दिवसांचा पगार वेगळा, तो 45 दिवसांत खात्यात यायला पाहिजे. पण तुम्ही स्वतः राजीनामा लिहून दिलात तर ही कपात धरतच नाहीत. "सही करा, पुढच्या महिन्यात परत घेऊ" हे ऐकून आमच्यातल्या चौघांनी सह्या केल्या, अजून वाट बघतायत. फिक्स्ड टर्मची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्या नोकरीची, मुदत संपली तर तीही कपात नाही, तिथे एक वर्ष भरलं असेल तर ग्रॅच्युइटी मात्र मागा.

ठेकेदाराकडे असाल तर जास्त सांभाळा, कारण ठेकेदाराचं नाव दरवर्षी बदलतं आणि तुम्ही कागदावर कायम नवीनच. पगाराच्या स्लिपा, गेटपासचा फोटो, पीएफचं पासबुक डाउनलोड करून घरच्यांच्या मोबाइलवरही ठेवा.

कपातीची यादी लागलीच तर सिनियॉरिटी लिस्ट मागा, साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो, तुमच्या नंतरचा राहिला आणि तुम्ही गेलात तर कारण लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या, शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, रजिस्टर पोस्ट आता त्यातच मिसळलंय.