अल्ट्रासाउंडने फायब्रॉइड जाळायचा असेल तर बटण दाबायला कचरू नका

मी एमआरआय विभागातली सिस्टर. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी चिरफाड न करता, अल्ट्रासाउंडच्या लहरी एका जागी एकवटून जाळतात, त्याची पूर्वतयारी माझ्याकडे असते. अमेरिकेत या उपचाराला २००४ मध्ये मान्यता मिळाली. ही गाठ कॅन्सरची नसते, हे आधी मनात पक्कं करा.

पहिला एमआरआय गाठ बघायला. लहरींच्या वाटेत आतडं किंवा जुन्या ऑपरेशनचा जाड व्रण येत असेल तर डॉक्टर सहसा नको म्हणतात. पेसमेकर, दिवस गेलेले, सगळं मोकळेपणाने सांगा.

आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं. नथ, जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवा. पोटाला तेल-क्रीम लावू नका. ओटीपोटाचे केस मी पूर्ण काढते, त्यात कुणाचं ऐकत नाही. केसांत हवेचे बुडबुडे अडकले की लहरी तिथेच अडतात आणि कातडी भाजते.

मग लघवीची नळी घालून पालथं झोपवतात. पोटाखाली जेलची गादी, तिच्याखाली पाण्यात लहरी सोडणारं यंत्र. एक मारा साधारण वीस सेकंदांचा, मग थंड व्हायला मिनिटभर किंवा जास्त थांबायचं, की पुढचा. गाठीत तापमान साठ अंशांच्या वर जातं आणि ते डॉक्टरांना एमआरआयवर दिसत राहतं. असे तीन-चार तास जातात.

हातात एक बटण देतात. दाबलं की मारा तिथल्या तिथे थांबतो. पाळीसारखं दुखलं तर चालतं, पण कातडी पोळली, कंबरेतून पायात कळ गेली, मुंग्या आल्या तर लगेच दाबा. एक ताई तीन वेळा पायातली कळ गिळून पडून राहिल्या. अंगठा बटणावर, पण दाबेनात. त्यांची पावलं ताठ झालेली दिसली म्हणून मी थांबवायला सांगितलं. "एवढं चालतं हो," म्हणाल्या. नाही चालत, ताई! कळ म्हणजे मज्जातंतूला ऊब लागतेय. डॉक्टरांनी माऱ्याचा कोन बदलला आणि पुढच्या वेळी पाय शांत राहिला.

बहुतेक जणी त्याच संध्याकाळी घरी जातात. गाठ लगेच नाहीशी होत नाही, काही महिन्यांत हळूहळू आकसते. पुढे मूल हवं असेल तर तो विषय उपचाराआधीच डॉक्टरांकडे काढा. घरी गेल्यावर पोटावर फोड, ताप किंवा पायाला बधिरपणा वाटला तर सकाळची वाट न बघता फोन करा.