पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी : या चुका टाळा

"रिपोर्ट नॉर्मल होता, मग हे कसं झालं?" बाळंतपणानंतर हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आईबापांकडे बघवत नाही, म्हणून आधीच सांगते. नॉर्मल म्हणजे त्या दिवशी, बाळ जसं पडलं होतं त्यात जे दिसलं, त्यात दोष आढळला नाही. १९९० ते १९९३ या काळात युरोपातल्या ६१ केंद्रांत युरोफीटस नावाचा अभ्यास झाला. त्यात एकूण व्यंगांपैकी साधारण ५६ टक्के पोटात असताना सापडली. मेंदू आणि मज्जारज्जूची ८८ टक्के, हृदयाची गंभीर व्यंगं मात्र जेमतेम ३९ टक्के. मशिनं तेव्हापासून खूप सुधारली, तरी हृदय अजूनही हुलकावणी देतं.

त्यामुळे मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो ‘परत या’ म्हटल्यावर न येणाऱ्यांचा.

एकविसाव्या आठवड्यात एक मुलगी सासूबाईंबरोबर आली होती. बाळ पालथं, पाठ वर. मणका मोत्यांच्या सरासारखा दिसत होता, पण त्याच्याच सावलीत हृदय झाकलेलं. कूस बदलायला लावली, खाऊन फिरून यायला सांगितलं. तासाभराने हृदयाचे चार कप्पे दिसले, पण तिथून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडतात ती जागा काही दिसेना. रिपोर्टात तसं लिहिलं आणि आठवड्याने बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, "ठोके ऐकू आले, चार कप्पेही आहेत म्हणता. मग राहिलं काय मॅडम?" मुलगी माहेरी गेली.

आली ती थेट चौतिसाव्या आठवड्यात, वाढ बघायला. आता बाळ उताणं होतं, आणि त्या दोन वाहिन्या फुली मारायच्या ऐवजी शेजारी शेजारी समांतर चालल्या होत्या. दोघींच्या जागांची अदलाबदल. या दोषात चारही कप्पे अगदी ठाकठीक दिसू शकतात. जन्मल्यावर बाळ निळं पडतं, लगेच औषधाची ड्रिप लागते आणि पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशन. बाळंतपण गावातच ठरलेलं. ते पुण्याला हलवणं, पैसे, राहायची सोय, योजनेचे कागद, सगळं चार आठवड्यांत उरकावं लागलं. बाळ वाचलं. पण हातातले तीन महिने गेले ते गेलेच, आणि त्या मुलीने ते चार आठवडे कसे काढले ते मी पाहिलंय.

दुसरी चूक महिन्यांनी मोजण्याची. "पाचवा चालू आहे" म्हणणारी बाई सतराव्या आठवड्यात असते किंवा बाविसाव्या. ही तपासणी १८ ते २२ आठवड्यांत करतात. मी स्वतः १९ किंवा २० व्या आठवड्याची तारीख देते. काही सापडलंच तर गर्भजलाची तपासणी करावी लागते आणि तिचा पूर्ण अहवाल यायला दोन-तीन आठवडे जातात. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंगासाठी गर्भपात करायचा तर मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. तेविसाव्या आठवड्यात दारात उभं राहिलं की विचार करायलाही दिवस उरत नाहीत. डोहाळजेवण झाल्यावर बघू, असं कृपा करून म्हणू नका.

डबल मार्कर ‘लो रिस्क’ आला म्हणून ही सोनोग्राफी टाळू नका. ती रक्ततपासणी गुणसूत्रांच्या दोषांचा अंदाज देते, हृदय किंवा किडनी बघत नाही.

फोर-डीमधला चेहऱ्याचा फोटो म्हणजे तपासणी नव्हे.

हृदयात पांढरा ठिपका लिहिलाय म्हणून रात्रभर मोबाईलवर शोधत बसू नका. तो एकटाच असेल तर हृदयाचा आजार नसतो.

आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल किंवा आधीच्या मुलाला हृदयदोष असेल, तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, वेगळी करून घ्या, नेहमीच्या सोनोग्राफीवर भागवू नका.

आतड्यांचे काही अडथळे आणि कधीकधी डोक्यात पाणी साठणंही सातव्या-आठव्या महिन्यातच दिसू लागतं, तेव्हा शेवटची सोनोग्राफी "एकदा झालीय की" म्हणून सोडू नका.

आणि येताना पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद आणा. पाळीची तारीख विसरली असेल तर आठवडे मी त्याच्यावरूनच मोजते.