दाराची फळी काढून काच बसवताना या चुका टाळा

बहुतेक जण आधी काच आणतात आणि मग दाराला हात घालतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. दाराला काच टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) किंवा लॅमिनेटेडच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) हवी. साधी काच फुटली की तिचे लांब, धारदार तुकडे होतात, आणि दार तर रोज आपटणारच. पण टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कड घासून बारीक करणंही विसरा. म्हणून आधी फळी काढा, खाच तयार करा, मगच माप द्या.

त्याआधी दार कोणतं ते पाहा. उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या चौकटीत फळ्या असलेलं दार या कामाला योग्य. फ्लश दार (दोन्ही बाजूंनी सपाट, प्लायचं दार) आतून पोकळ असेल तर कापल्यावर काच धरायला लाकूडच उरत नाही. आगरोधक दाराला तर हातच लावू नका.

फळी सहसा खाचेत सैल बसवलेली असते, कारण लाकूड दमटपणाने फुगतं. त्यामुळे चौकट उचकटायची गरज नाही. खाचेची एकाच बाजूची कड राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) काढा, फळी बाहेर येते आणि काच टेकायला पायरी तयार होते. दोन्ही बाजूंच्या कडा उडवल्या तर काच टेकणार कशाला? बाहेरच्या दाराला आतली कड काढायची. बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या लाकडी पट्ट्या, बाहेरून आलं तर त्या काढून कुणीही काच अलगद उतरवेल. राऊटर कोपरे गोल सोडतो, ते पटाशीने काटकोनात आणा. टोकदार काच गोल कोपऱ्यावर दाबली जाऊन पुढे तडकते.

आता माप. रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी घ्या, सर्वात लहान आकडा धरा आणि त्यातून 4 ते 6 मिमी वजा करा, म्हणजे चारी बाजूंना 2-3 मिमी मोकळी जागा राहते. दोन्ही कर्णही मोजा. ते जुळत नसतील तर गाळा गुण्यात (काटकोनात) नाही; पुठ्ठ्याचा नमुना कापून, बसवून पाहून तोच काचवाल्याकडे द्या.

काच बसवण्याआधी खाचेला आणि बीडिंगला प्रायमर लावा. कोरं लाकूड काच बसवायच्या पुट्टीतलं तेल पितं, मग पुट्टी सुकून भुगा होते. काच थेट लाकडावर ठेवू नका. खालच्या कडेला, दोन्ही टोकांपासून रुंदीच्या पाव अंतरावर, रबराचा एकेक ठोकळा ठेवा. लॅमिनेटेड काचेला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिच्या मधल्या थराला कडेपासून खराब करू शकतं.

सर्वाधिक काचा फुटतात त्या बीडिंग ठोकताना. टफन्ड काच मधोमध दणका सोसते, कडेला मात्र खिळ्याचं टोक लागलं तरी संपली. आधी बारीक भोकं पाडा, खिळा काचेला समांतर जाऊ द्या, काचेवर जाड पुठ्ठा धरा. मला विचाराल तर खिळ्यांपेक्षा छोटे स्क्रू बरे. उद्या काच बदलायची झाली तर पट्ट्या मोडत नाहीत.

काम झाल्यावर काच खडखडत असेल तर पट्टी काचेला भिडलेली नाही. ती सोडवून मागे सिलिकॉनची रेघ द्या, नुसती दाबून ठोकू नका. दार खाली घासायला लागलं तर वजन आठवा: काच दर मिमी जाडीला, दर चौरस मीटरला सुमारे 2.5 किलो भरते, म्हणजे 6 मिमीची एक चौरस मीटर काच 15 किलो. वरच्या बिजागरीचे स्क्रू आधी तपासा, ढिले असतील तर लांब घाला. दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी लावा.

बाथरूमच्या दाराला फ्रॉस्टेड काच लावत असाल तर गुळगुळीत बाजू आत ठेवा. खरखरीत बाजू भिजली की आरपार दिसायला लागतं.