पन्हाळा–पावनखिंड पावसाळी मोहिमेसाठी रेनकोट, पँट आणि बूट कसे निवडावेत

जुलैतल्या पन्हाळा–पावनखिंड मोहिमेत अजिबात भिजायचं नाही असं ठरवून खरेदी केलीत, तर पैसे वाया जातील. पन्नासएक किलोमीटर चाल, वरून पाऊस, खाली भाताच्या खाचरातला चिखल आणि मधे ओढे. भिजणार हे धरूनच चाला. खरेदी करायची ती अंगात थंडी भरू नये, मांड्या-काखा सोलवटू नयेत आणि रात्री घालायला एक कोरडा जोड उरावा यासाठी.

१. आधी जॅकेटचं कापड बघा

दुचाकीवरचा पीव्हीसी रेनकोट पाणी पुरतं अडवतो, पण घामही आतच कोंडतो. वाटेतल्या मसाई पठाराचा चढ संपेपर्यंत आतला शर्ट घामानेच चिंब होतो आणि पठारावरचा वारा लागला की हुडहुडी भरते. ‘ब्रीदेबल’ जॅकेटच्या कापडाला आतून पातळ पापुद्रा असतो. तो पाण्याचा थेंब अडवतो आणि घामाची वाफ बाहेर सोडतो.

लेबलवर बहुधा दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये, म्हणजे किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड झेलेल. १,५०० ते ३,००० चं जॅकेट रिमझिमीत चालतं, पण सॅकचे पट्टे दाबतात तिथे, खांद्यावर, आधी पाझरतं. १०,००० च्या खाली जाऊ नका.

दुसरा आकडा वाफेचा: २४ तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी थांबा. वाफ बाहेर पडते ती आत जास्त आणि बाहेर कमी असते म्हणून. पाऊस लागून राहिला की आपल्याकडे बाहेरच्या हवेतच ओलावा ९० टक्क्यांच्या घरात, मग वाफ जाणार कुठे? थंड, कोरड्या हवेत उत्तम चालणारं महागडं जॅकेट इथे म्हणून निम्मंच काम करतं. त्यापेक्षा काखेखाली २५-३० सेंटिमीटरची चेन आहे का ते बघा. ती उघडून चढ चढलात की वारा थेट आत खेळतो. खाचरात रोप लावताना डोक्यावरून घेतलेली खोळ खालून मोकळी असते, म्हणून तिच्यात घुसमटत नाही, तत्त्व तेच.

पाँचोही मोकळा असतो आणि सॅकही झाकतो. झाडीत तो ठीक, पण मसाई पठारावर वाऱ्याने डोक्यावर उलटतो. छत्री घरीच ठेवा.

२. शिवण, चेन, टोपी

जॅकेट उलटं करा. शिवणीत सुईची भोकं असतात, त्यामुळे प्रत्येक शिवणीवर आतून टेप चिकटवलेली हवी. फक्त खांद्यावर असून भागत नाही. पुढच्या चेनवर कापडाची पट्टी हवी. टोपीला पुढे कपाळावर येणारी कडक कड आणि मागे आवळायची दोरी हवी, नाहीतर मान वळवली की टोपी जागेवरच राहते आणि डोळ्यांपुढे अंधार. दुकानात पाठीला सॅक लावून दोन्ही हात वर करा; कंबर उघडी पडली तर एक माप मोठं घ्या.

३. घरी तपासा

आत सुती टी-शर्ट घालून दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा, खांदे तळहातांनी दाबत राहा. टी-शर्टवर ओले डाग कुठे पडले ते बघा. बिल जपून ठेवा.

४. पँट

जीन्स नकोच. सुती ट्रॅकपँट पाणी धरते, जड होते आणि मांड्या घासते. पातळ पॉलिएस्टरची घ्या. निथळते आणि चालता चालता बरीच सुकते. मांड्यांना आणि पायाच्या बोटांत निघतानाच व्हॅसलीन लावा. रेनपँट वाऱ्याच्या पठारावर उपयोगी, पण ओढ्यात शिरण्याआधी काढा, तिच्यात पाणी भरून प्रवाह पाय ओढतो. गढूळ, वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरूच नका, उतार पडेपर्यंत थांबा.

५. बूट

इथे बहुतेकांचं चुकतं. वॉटरप्रूफ बुटात ओढ्याचं पाणी वरून शिरतं आणि बाहेर पडत नाही. गमबुटाचंही तेच, शिवाय शेवाळलेल्या जांभ्यावर त्याची पकड नसते. जाळीदार कापडाचे, पाणी निथळणारे, तळाला ४-५ मिलिमीटर खोल खाचा असलेले बूट घ्या आणि आधी आठवडाभर घालून फिरा. कपाटात वर्षानुवर्षं पडलेले बूट नेऊ नका. ओलाव्याने तळव्याचा फोम आतून कुजलेला असतो आणि चिखलात अख्खा तळवा सुटून येतो. तरीही दोन मीटर नायलॉनची दोरी जवळ असू द्या, बांधायला.

मोजे सिंथेटिक किंवा लोकरी, तीन जोड. एक जोड फक्त झोपताना. दिवसभर भिजून पांढरे पडलेले तळवे रात्री कोरडे झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी कातडी सोलते.

६. सॅक

वरचं कव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं, पाणी तिथून मुरतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडून बांधा.

७. परत आल्यावर

जॅकेट थंड पाण्यात, थोड्या सौम्य लिक्विड साबणाने धुवा. कपडे मऊ करणारं कंडिशनर वापरू नका, बाहेरच्या कापडाचा पाणी झटकण्याचा गुण जातो. सावलीत पूर्ण वाळवून हँगरला लावा. ओलसर घडी घालून ठेवलं, तर पुढच्या मृगापर्यंत आतला थर चिकट होऊन पापुद्रे सुटू लागतील. मग ते दुरुस्त होत नाही.